विमानाचा वार

सोलापूर ते गोवा हवाई अंतर सुमारे ३०५ किलोमीटर आणि विमानाला लागणारा वेळ सुमारे एक तास. हे दोन आकडे हल्ली आमच्या सोलापुरात कुणालाही झोपेतून उठवून विचारावेत. स्वतःच्या घरापासून सात रस्ता किती लांब आहे, असं विचारल्यावर ज्याला "हे काय, इथंच की" यापलीकडे उत्तर सुचत नाही, तोसुद्धा गोव्याचं अंतर परीक्षेत विचारल्यासारखं सांगतो. ही जागृती ९ जून २०२५ पासूनची. त्या दिवशी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि आजवर 'दोन चहा लांब' अशी अंतरं मोजणारं गाव अक्षांश-रेखांशात बोलू लागलं.

हे ३०५ आले कुठून, याचाही खुलासा आमच्या कट्ट्यावर झाला. भूगोलाचे एक निवृत्त सर तिथं रोज संध्याकाळी येतात. त्यांनी काडीने मातीत आकृती काढली. सोलापूरचा विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तरेला आणि ७५.९३ अंश पूर्वेला. गोव्यातला मोपा १५.७३ आणि ७३.८७ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा आधी दक्षिणेला २१० किलोमीटर सरकायचं. रेखांशाचे अंश विषुववृत्तापासून वर येताना आकसत जातात, आपल्याकडे एक अंश १०७ किलोमीटरच्या आतच भरतो. म्हणजे पश्चिमेला २२०. काटकोन झाला, आता कर्ण काढा. एवढ्याशा अंतरात पृथ्वीचा गोलपणा फारसा आडवा येत नाही, असंही सर म्हणाले.

"सर, यात आंबोली घाट धरला का?" एकाने विचारलं.

"हवेत घाट नसतो."

"मग उलटी कुठं होणार?"

सरांनी काडी टाकून दिली. पण प्रश्न वेडगळ नव्हता. गोव्याचा रस्ता आम्हाला किलोमीटरवरून आठवत नाही, तो उलटीच्या ठिकाणांवरून आठवतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली हा एक मार्ग. विजापूर, बेळगाव आणि चोर्ला घाट हा दुसरा. दोन्ही चारशे किलोमीटरच्या पुढे जातात. जेवणाचा थांबा, चहाचा थांबा आणि मागच्या सीटवरच्या पोराचा थांबा धरून आठ-नऊ तास. कोणता मार्ग जवळचा यावरून सोलापुरात दोन तट आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. विमानाने या दोन्ही तटांचा धंदाच बसवला. आवळासुपारीची पुडी मात्र विमानातही बरोबर असते. कारण घाट नसला तरी घाटाची सवय असते.

खरं सांगायचं तर या एक तासाच्या प्रवासाला सोलापूरने बराच जास्त वेळ दिलेला आहे. सोलापूर आणि आकाश यांच्यामध्ये कित्येक वर्षं एक चिमणी उभी होती. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ही चिमणी ९० मीटरच्या आसपास उंच होती आणि विमानाच्या वाटेत यायची. चिमणी पाडा म्हणजे विमान येईल, असं एक म्हणणं. आधी ऊस गाळायचा की आधी विमान उडवायचं, असं दुसरं. दोन्ही बाजूंनी आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरलं. शहरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हवाई वाहतुकीचा एक तज्ज्ञ आणि साखर उद्योगाचा एक तज्ज्ञ तयार झाला. शेवटी १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. इतकी वर्षं गाव भांडत ठेवणारी ती वस्तू काही सेकंदांत आडवी झाली.

झालं, आता विमान, असं वाटलं. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दुरून, पडद्यावरून, नूतनीकरण झालेल्या विमानतळाचं उद्घाटन केलं. धावपट्टी होती, इमारत होती, स्वच्छतागृहावर पाटी होती. नव्हतं ते फक्त विमान. ते त्यानंतर आठ महिन्यांनी आलं. त्यामुळे 'सोलापूर–गोवा, एक तास' हे वाचून बाहेरगावचे लोक "वा, काय झटपट" म्हणतात तेव्हा आम्ही नुसतं हसतो.

विमान येईपर्यंत जिल्ह्यात उड्डाणाची परंपराच नव्हती असं मात्र नाही. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. विमानात चेक-इन सामानाला साधारण पंधरा किलोचीच मुभा असते, हा आकडा कुणीतरी माळढोकाकडे बघूनच ठरवला असावा. एवढं वजन घेऊन तो बिचारा कुठल्याही खात्याच्या ना-हरकत दाखल्याशिवाय उडत आला. आता दिसेनासा झालाय. विमान दिसायला लागलं आणि माळढोक दिसेनासा झाला, यात एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण सोलापूरच्या आकाशाला दोन्ही गोष्टी एकदम परवडत नाहीत असं दिसतं.

आता प्रत्यक्ष त्या तासाकडे वळू.

वेळापत्रकात छापलेला तास हा हवेतला तास नसतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. चाकांखालचे ठोकळे काढले की तो सुरू होतो आणि पलीकडे पोचून ठोकळे पुन्हा लावले की संपतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत रमतगमत जाणं, तिथं वळणं, परवानगीची वाट पाहणं, वारा उलटा असला तर दुसऱ्या बाजूने वळसा घालून उतरणं, हे सगळं त्यातच. शिवाय कंपन्या आपल्या पदरची पाच-दहा मिनिटं त्यात घालून ठेवतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं. मग आतली मुलगी गोड आवाजात तसं जाहीर करते आणि आपण आपल्याच जोरावर आलो असल्यासारखे प्रवासी एकमेकांकडे बघतात. मी लग्नाच्या पत्रिकेत 'मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटे' छापणाऱ्या समाजात वाढलेला माणूस आहे, मला या हिशोबाचं कौतुकच वाटतं. आमच्याकडे पदरची मिनिटं पाहुणे घालतात.

या मार्गावर उडतं ते एटीआर जातीचं, पंख्याचं विमान. ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास पळतं. ३०५ भागिले ५०० केलं तर सदतीस मिनिटं होतात, त्यात चढणं-उतरणं मिळवा, पाऊण तास. आतली रचना दोन-दोन खुर्च्यांची, त्यामुळे मधली सीट कुणाच्याच नशिबी येत नाही. एटीआरच्या एका गोष्टीचा मात्र मी मनापासून आनंद घेतो. त्याचा दरवाजा मागे असतो. लवकर उतरता यावं म्हणून जास्तीचे पैसे भरून पुढची सीट घेणारा माणूस सगळ्यांत शेवटी उतरतो आणि शेवटची रांग नशिबी आली म्हणून कुरकुरणारा सगळ्यांत आधी. उतरताना हे दोघे एकमेकांना ओलांडत नाहीत म्हणून बरं, नाहीतर मारामारी व्हायची. पंखा खिडकीबाहेर गरगर फिरताना दिसतो, याचाही जुन्या लोकांना आधार वाटतो. जेट विमानात काय चाललंय ते कळत नाही. इथं पंखा फिरतोय तोवर काळजी नाही. माझी एक चुलत आत्या पूर्ण प्रवासभर त्या पंख्यावर नजर ठेवून होती. मध्ये पाणी दिलं, तेही तिने घेतलं नाही. "मी बघितलं नाही आणि तो थांबला तर?"

पण हा पाऊण तास म्हणजे गोव्याचा प्रवास नव्हे.

सोलापूरचा विमानतळ गावाला इतका लागून आहे की आसरा चौकातून निघालेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत दारात. तरीही दोन तास आधी पोचायचं, कारण तसं तिकिटावर लिहिलेलं असतं आणि सोलापूरकर लिहिलेलं मानतो. दोन तास आधी पोचायचं म्हणजे घरातून तीन तास आधी निघायचं, कारण सोडायला येणारे जास्त असतात. दोघे गोव्याला जाणार आणि अकरा जण सोडायला येणार, हे प्रमाण साधारण धरून चाला. आजी येते कारण विमान बघायचं असतं. शेजारच्या काकू येतात कारण आजी चालली. दारावरचा पोलीस तिकीट आणि ओळखपत्र मागतो, तेव्हा सगळेच आपापली आधार कार्डं काढतात. आत जाणारे आत गेल्यावर बाकीचे कुंपणापाशी उभे राहतात. विमान उडेपर्यंत तिथून कुणी हलत नाही. उडाल्यावर सगळे हात करतात, आणि विमान आळंदीच्या वाटेला लागलं की अक्कलकोटच्या, यावर घरी जाईपर्यंत चर्चा होते. ते यांपैकी कुठेच जात नसतं.

आत सुरक्षा तपासणी असते. तिथं सोलापूरचा खरा स्वभाव दिसतो. प्रत्येक हातपिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. यंत्राच्या पडद्यावर कडक भाकरीची चवड एखाद्या अज्ञात यंत्राच्या तबकड्यांसारखी दिसत असणार. तपासणारा मुलगा बाहेरगावचा असला तर विचारतो, हे काय आहे. त्याला समजावून सांगेपर्यंत मागच्या पाच जणांच्या पिशव्यांतून तेच निघतं. मग त्यालाही चव द्यावी लागते. शासनाचं म्हणणं होतं की हवाई चप्पल घालणाऱ्याला हवाई जहाजात बसता आलं पाहिजे. या धोरणाचं यश मी तपासणीच्या रांगेत बघितलंय. बूटवाले नाडी सोडत बसतात, चप्पलवाला सरळ पुढे.

आता गोव्याची बाजू. विमान मोपाला उतरतं. मोपा गोव्यातच आहे, पण पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेच्या टोकाला. तिथून सावंतवाडी जवळ आणि मडगाव लांब. पणजी ३५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आठ-नऊ तासांचा घाटरस्ता वाचवून गोव्यात उतरलेला सोलापूरकर आता टॅक्सीच्या भाड्याची चौकशी करतो, आणि भाडं ऐकल्यावर त्याला विमानाचं तिकीट फार स्वस्त वाटू लागतं. हा मानसिक फायदा कुठल्याच तक्त्यात दाखवलेला नसतो. किनाऱ्यावर पोचेपर्यंत आणखी तास. सगळं मिळून घरापासून वाळूपर्यंत पाचएक तास झाले. रस्त्यापेक्षा तरी निम्म्याच्या जवळ, आणि वर उलटी नाही. तक्रारीला जागा नाही. इथपर्यंत मी विमानाच्या बाजूचाच आहे.

अडचण पुढे आहे. अडचण किलोमीटरची नाही, मिनिटांचीही नाही. अडचण वाराची आहे.

लहान विमानतळावर विमान रोज येत नाही. ते ठरावीक वारी येतं. या एका गोष्टीमुळे अंतराचं सगळं गणित कोलमडतं आणि त्याचा पत्ता काडीने मातीत आकृती काढणाऱ्याला लागत नाही. विमानाच्या दिवशी गोवा एक तासावर असतं. विमान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गोवा तीन-चार दिवस लांब जातं. लहान विमानतळ हा आठवडी बाजारासारखा असतो. वार असेल त्या दिवशी रिक्षावाले, टॅक्सीवाले, चहाची गाडी, पोलीस, फुगेवाला, सगळे हजर. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर फाटकाशी एक कुत्रं पाय पसरून झोपलेलं आणि त्याला उठवायला कुणी नाही.

म्हापशाच्या एका स्थळाशी आमच्या नात्यातल्या मुलीचं जमलं, तेव्हा हे मला नीट कळलं. साखरपुडा मुलाकडे करायचं ठरलं. आता विमान आहे म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, हीच मोठी गोष्ट होती. मुलीचे वडील गुरुजींकडे गेले. मी सोबत होतो.

गुरुजींनी पंचांग उघडलं. "बुधवार उत्तम आहे."

"बुधवारी विमान नाही हो गुरुजी."

"मग गुरुवार चालेल."

"गुरुवारी पण नाही. शुक्रवारी आहे."

"शुक्रवारी भद्रा आहे."

"भद्रा किती वाजेपर्यंत?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "दुपारपर्यंत."

"मग जमलं की. विमान पोचून म्हापशाला जाईपर्यंत भद्रा संपते."

"पण परत कधी येणार?" गुरुजींनी विचारलं. त्यांचाच प्रश्न खरा निघाला. परतीची दिवसावार जुळवणी करताना असं दिसलं, की साखरपुडा दोन तासांचा आणि मुक्काम पाहुण्यांच्या घरी तीन रात्रींचा. एवढ्या काळात ठरलेलं लग्न मोडूही शकतं, असं मुलीच्या आजीचं स्पष्ट मत पडलं. "नव्या सोयऱ्यांकडे एक रात्र राहावं. दुसऱ्या रात्री घोरणं कळतं." शेवटी सगळे एका मिनीबसने गेले, बुधवारच्या मुहूर्तावर, आंबोली घाटातून, आवळासुपारी घेऊन. गुरुजी मात्र हुशार. त्यांनी त्या दिवसापासून पंचांगाच्या पानात विमानाचं वेळापत्रक घडी करून ठेवलं आहे, आणि पत्रिका बघायला कुणी आलं की आधी विचारतात, "स्थळ कुठलं? विमानातलं का रस्त्यावरचं?"

ही गोष्ट एकट्या सोलापूरची नाही. तळकोकणात कुडाळ-मालवणच्या माणसाला विचारा. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्याच्यापासून हवेतून पन्नास किलोमीटरच्या आत मोपा, २०२३ च्या जानेवारीपासून. मोपाच्या दक्षिणेला चाळीस किलोमीटरवर दाबोळी. एका ओळीत तीन विमानतळ. चिपीहून मोपाला एटीआर सोडलं तर चढता चढताच उतरायला लागेल. असा संपन्न प्रदेश पृथ्वीवर कमी असेल. पण तिथला चाकरमानी सुट्टीला यायचं ठरवताना अंतर बघत नाही. आपल्या सुट्टीच्या दिवशी तिघांपैकी कुठे विमान उतरतं ते बघतो, आणि मग गाडी घेऊन कोण न्यायला येईल ते बघतो. घराला जवळचा विमानतळ कोणता, याचं उत्तर तिथं वारागणिक बदलतं.

मोबाइलला विचाराल तर तो कुठल्याही दोन विमानतळांचं अंतर आणि वेळ सांगतो. लातूर ते रत्नागिरी? साडेतीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे, पाऊण-एक तास. छातीठोकपणे सांगतो. लातूरहून रत्नागिरीला प्रवासी विमान जात नाही, हे त्याच्या दृष्टीने किरकोळ. लातूरकराने हा आकडा वाचावा, समाधान मानावं आणि बसस्टँडकडे चालू लागावं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. उडान योजना निघाली तीच यासाठी. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली विमानाला हिरवा झेंडा दाखवला, त्याच कार्यक्रमात आपल्या नांदेड–हैदराबाद विमानालाही. तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला निम्म्या जागा अडीच हजार रुपयांच्या आत, आणि कंपनीला येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देणार. हेतू चांगला. पण २०२३ मध्ये 'कॅग'चा अहवाल आला, त्यात पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशोब आहे. दिलेले मार्ग ७७४. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि तूट भरणं थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते ५४. वाचताना मला वाटलं, यात ७७४ उद्घाटनांच्या बातम्यांचाही एक रकाना हवा होता. उडालेल्या विमानांची संख्या कळते, फुटलेल्या नारळांची कळत नाही.

यात कंपन्यांना शिव्या देऊन भागत नाही, हेही कबूल करायला हवं. विमान जमिनीवर उभं राहिलं की पैसे खातं. सत्तर-बहात्तर खुर्च्यांपैकी वीस रिकाम्या गेल्या तर हिशोब बसत नाही. बुधवारी खुर्च्या भरत नाहीत म्हणून बुधवारी विमान नाही. बुधवारी विमान नाही म्हणून बुधवारी जाणारा माणूस रात्रीची बस पकडतो. बसमध्ये तो बसला म्हणून बुधवारी खुर्च्या भरत नाहीत. हे चक्र त्या पंख्यापेक्षा जोरात फिरतं, आणि ते थांबवायला आत्याही कामाची नाही.

पावसाळ्यात वारही धरवत नाही. मोठ्या विमानतळावर ढगातून विमान खाली आणायला यंत्रं असतात. लहान ठिकाणी ती नसली तर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. नाही दिसली तर तो दोन चकरा मारतो आणि दुसऱ्या गावाला जाऊन उतरतो. माझे एक मेहुणे असेच एका लहान विमानतळावर उतरायचे ते दुसऱ्याच राज्यात उतरले. त्यांना तिथून रात्रभर बसने आणलं. पण घरी आल्यावर तक्रार अशी नव्हतीच. "तिकीट एका गावाचं आणि बघितली दोन गावं," असं ते अजून सांगतात. अंतर वाढलं, पैसे वाढले नाहीत, यात त्यांना नफा दिसतो. ते व्यापारी आहेत.

जगात सगळ्यांत कमी अंतराचं नियमित विमान कुठं आहे, तेही जाता जाता सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथं वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअरचं आठ माणसांचं विमान १९६७ पासून उडतंय. अंतर २.७ किलोमीटर. म्हणजे एखाद्या मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीएवढं. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात आणि वारा पाठीशी असला तर एकदा ५३ सेकंदांत पोचल्याची नोंद आहे. ५३ सेकंदांत आमचा सोलापूरकर खिडकीची सीट कुणाची यावरचा पहिला मुद्दाही मांडून पुरा करू शकणार नाही. पापा वेस्ट्रेवर माणसं किती? शंभराच्या आत. त्यांच्यासाठी शिक्षक त्या विमानाने येतात, आजारी माणूस त्याच विमानाने दवाखान्यात जातो. आणि ते जवळजवळ रोज असतं.

मी तो २.७ चा आकडा वाचून हसलो नाही, 'जवळजवळ रोज'ला थांबलो. शंभर माणसांना रोज विमान. तिथं कुणी पोराचं लग्न ठरवताना वेळापत्रक बघत नसेल. आमच्या शहराची वस्ती दहा लाखांच्या आसपास, आणि आम्ही भद्रा किती वाजता संपते ते विचारतोय.

अर्थात वेळेचं काही नसतं असं मानणारेही याच जिल्ह्यात दरवर्षी येतात. आळंदी ते पंढरपूर हवाई अंतर १९० किलोमीटरच्या आत आहे. एटीआरला बावीस-तेवीस मिनिटं लागतील. वारकरी ते अडीचशे किलोमीटर करून तीनएक आठवड्यांत पायी चालत येतात आणि आषाढीला न चुकता पोचतात. उशीर नाही, रद्द नाही, दुसऱ्या गावाला उतरणं नाही. वेळापत्रक शेकडो वर्षांचं आणि तेही तिथीवर चालणारं. हे मी आमच्या गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर तिथं काउंटर नाही."

तर संबंधित कंपन्यांना आणि खात्याला सोलापूरकरांच्या वतीने एक विनंती. धावपट्टी आणखी वाढवली नाहीत तरी चालेल. बोरामणीचा नवा विमानतळ होईल तेव्हा होईल. विमानात चटणी-भाकरी आम्हीच आणतो, त्याचाही भार तुमच्यावर नको. आहे त्या विमानाला आठवड्यातला एक वार वाढवून द्या, आणि एकदा दिलेला वार वर्षभर तरी काढून घेऊ नका. बुधवार दिलात तर फारच उत्तम. मुहूर्ताचं आमचे गुरुजी बघून घेतील.